बर्फावरची गोधडी

मुंबईत बर्फाचे कारखाने निघण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे. १८३३ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील बोस्टन बंदरातून 'टस्कनी' नावाचे जहाज बर्फाच्या लाद्या भरून निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला लागले. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता. उन्हातान्हातून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, त्यातला शंभरेक टन शिल्लक राहिला होता. या उद्योगाचा मालक फ्रेडरिक ट्यूडर. त्याचा बर्फ पुढे मुंबईला आणि मद्रासलाही येऊ लागला. मद्रासचे 'आइस हाउस' आजही उभे आहे, मुंबईचे मात्र काळाच्या ओघात गेले.

एवढ्या प्रवासात बर्फ टिकला तो लाकडाच्या भुशामुळे. आपल्याकडे रसवंतीगृहात किंवा मासळीबाजारात आलेली लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली असते, तसेच. पण आपल्याला आज सांगायची आहे ती गोष्ट मुंबईच्या टोकाची नाही, दुसऱ्या टोकाची आहे. बोस्टनजवळच्या ज्या तळ्यांतून ही लादी कापली जाई, तिथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर हिमवर्षाव झाला की ट्यूडरची माणसे घोड्यांना लाकडी खरवडी जुंपून ते हिम बाजूला सारत. कष्टाचे आणि खर्चाचे काम होते. पण ते केले नाही तर खालचा बर्फ जाड होत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ज्या तत्त्वाने भुसा मुंबईच्या उकाड्यात लादी वितळू देत नसे, त्याच तत्त्वाने हिमाचा थर तिकडच्या थंडीत लादी वाढू देत नसे.

मजुरांना कळलेली ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या समीकरणात नीट उतरायला पुढे शंभराहून अधिक वर्षे गेली. ती तळ्यावरून ध्रुवीय समुद्रावर कशी गेली, आणि आज उत्तर ध्रुवाजवळ नेमका किती बर्फ उरला आहे हे सांगताना संशोधक का अडखळतात, हे आपण पाहू.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आकाशातून भुरभुरत पडते त्यालाही आपण बर्फ म्हणतो आणि सरबतात घालतो त्यालाही बर्फच. ज्यांच्या गावात दोन्हींपैकी काहीच पडत नाही त्यांनी दोन शब्द तरी कशाला ठेवावेत? पण इथे भेद केल्यावाचून गत्यंतर नाही. या लेखापुरते पडणाऱ्या कणांच्या थराला 'हिम' आणि पाणी गोठून झालेल्या घट्ट पदार्थाला 'बर्फ' म्हणू. हिमात निम्म्याहून जास्त जागा हवेने व्यापलेली असते, आणि अडकून पडलेली हवा ही उष्णतेची वाईट वाहक. गोधडीतली ऊब कापडाची नसते, थरांमध्ये कोंडलेल्या हवेची असते, तोच प्रकार. बर्फाच्या तुलनेत समुद्रावरचे घट्ट दबलेले हिमदेखील साधारण सातपट कमी उष्णता वाहून नेते. ताजे भुसभुशीत हिम असेल तर वीसपट कमी.

आता व्हिएन्नाला जाऊ. तिथल्या विद्यापीठात जोझेफ स्टेफान नावाचे प्राध्यापक होते. तप्त वस्तूपासून बाहेर पडणारे प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते, हा १८७९ सालचा नियम त्यांचाच. बोल्ट्झमान हा त्यांचा विद्यार्थी. या स्टेफान यांनी स्वतः ध्रुवप्रदेशात पाऊल ठेवले नव्हते. पण वायव्य मार्गाच्या शोधात, आणि पुढे हरवलेल्या फ्रँकलिनच्या शोधात गेलेली ब्रिटिश जहाजे हिवाळाभर बर्फात अडकून पडत. जर्मन मोहिमांचीही तीच गत. अडकलेले खलाशी दुसरे काय करणार? ते बर्फाला भोके पाडून त्याची जाडी मोजत आणि हवेचे तापमान वहीत टिपत. या नोंदी स्टेफान यांनी समोर घेतल्या आणि १८८९ साली ध्रुवीय समुद्रातील बर्फ कसा वाढतो याचा सिद्धांत मांडला.

त्यांचा विचार इतका सरळ आहे की नववीच्या वर्गात सांगता येईल. बर्फ वाढतो तो खालच्या बाजूने. पाणी गोठताना त्याची अप्रकट उष्णता बाहेर पडते. ती जायची कुठे? खाली समुद्र आहे, तो गोठणबिंदूवरच आहे. म्हणजे ती वर, बर्फातून झिरपत, थंड हवेकडेच जाणार. बर्फ जितका जाड, तितकी वाट लांब आणि वाढ मंद. यातून असे निघते की जाडीचा वर्ग हा थंडीच्या एकूण साठ्याच्या प्रमाणात असतो. साठा मोजायचा कसा? हवा गोठणबिंदूच्या जितके अंश खाली असेल ते दररोज बेरजेला घ्यायचे. सलग ३० दिवस हवा २० अंश खाली असली, तर साठा ६००. स्टेफान यांच्या सूत्रात बर्फाची आज माहीत असलेली उष्णतावाहकता घातली, तर ६०० च्या साठ्याला सुमारे ८६ सेंटिमीटर जाडी येते. साठा चौपट, म्हणजे २४०० केला, तर जाडी दुप्पट, १७२ सेंटिमीटर.

सूत्र देखणे आहे. बदलत्या सीमेच्या अशा गणितांना गणितज्ञ आजही 'स्टेफानचा प्रश्न' म्हणतात. पण त्यात बर्फाचा वरचा पृष्ठभाग उघडा आहे. त्यावर हिमच नाही.

हिम नाही असा ध्रुवीय हिवाळा कोणी पाहिलेला नाही.

सोव्हिएत सागरशास्त्रज्ञ निकोलाय झुबोव यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांना सिद्धांतापेक्षा सायबेरियाच्या उत्तरेकडून जहाजे सुखरूप नेण्याची निकड होती. त्यांनी प्रत्यक्ष मोजमापांवर बेतलेले सूत्र दिले: जाडीचा वर्ग अधिक जाडीची ५० पट, बरोबर थंडीच्या साठ्याची ८ पट, जाडी सेंटिमीटरमध्ये. शिक्षकांनी हे दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडून पाहावेत. साठा ६०० असताना झुबोव यांचे सूत्र ८६ ऐवजी ४९ सेंटिमीटर देते; २४०० असताना १७२ ऐवजी ११६. खऱ्या समुद्रावरचा बर्फ उघड्या बर्फाच्या गणितापेक्षा इतका मागे पडतो. सगळे खापर हिमावर फोडणे योग्य नाही. बर्फाचा पृष्ठभाग हवेइतका थंड नसतो आणि खालच्या समुद्रातूनही थोडी उष्णता येत राहते. तरी मोठा वाटा गोधडीचाच.

किती मोठा, ते एका उदाहरणाने पाहू. एक मीटर जाडीचा बर्फ आहे, त्याच्या वर उणे ३० अंश, खाली उणे २ अंश. उघड्या बर्फातून दर चौरस मीटरला सुमारे ६२ वॉट उष्णता वर जाईल आणि बर्फ दिवसाला पावणेदोन सेंटिमीटरने वाढेल. आता त्याच बर्फावर ३० सेंटिमीटर दबलेले हिम घालू. उष्णतेचा ओघ १९ वॉटवर येतो आणि वाढ दिवसाला अर्ध्या सेंटिमीटरवर. पट्टीभर हिम उष्णता अडवण्याच्या बाबतीत सव्वादोन मीटर बर्फाच्या बरोबरीचे ठरते!

शिवाय फरक केवळ जाडीत पडत नाही. वरच्या उदाहरणात हिमाखाली बर्फाचा माथा उणे ३० नव्हे, तर उणे ११ अंशांवर राहतो. सागरी बर्फात मीठ असते. गोठताना पाण्यातून बाहेर ढकललेले मीठ सगळेच समुद्रात जात नाही, त्यातले काही खाऱ्या द्रवाच्या सूक्ष्म कप्प्यांत अडकते. बर्फ जितका उबदार, तितके हे कप्पे मोठे, आणि बर्फ तितका कमजोर. कप्प्यांनी घनफळाचा वीसावा भाग व्यापला की ते एकमेकांना जोडले जातात आणि बर्फातून द्रव वाहू लागतो. ५ अंश उणे तापमान आणि हजारी ५ क्षारता असली की हे घडते, म्हणून १९९८ साली अमेरिकी संशोधकांनी याला 'पाचाचा नियम' असे सुटसुटीत नाव दिले. हिमाखालचा बर्फ म्हणजे पातळही आणि मऊही. जाड हिमाखालच्या बर्फावर भरवसा ठेवू नये, हे उत्तरेकडच्या इन्युइट शिकाऱ्यांना कोणी सूत्राने शिकवले नव्हते. हिमाचेच घर बांधून त्यात ऊब धरून राहणाऱ्या लोकांना ते वेगळे सांगायची गरजही नव्हती.

मिठाचे आणि तापमानाचे हे नाते प्रथम पद्धतशीर मांडले ते स्वीडनच्या फिन माल्मग्रेन यांनी. १९२२ ते १९२५ ही तीन वर्षे ते 'मॉड' या नॉर्वेच्या जहाजावर हाराल्ड स्वेर्द्रुप यांच्याबरोबर सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात राहिले. बर्फात वेगवेगळ्या खोलींवर तापमापक पुरून त्यांनी उष्णता कशी वर जाते ते पाहिले. १९२७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा सागरी बर्फाच्या गुणधर्मांवरचा ग्रंथ पुढे अनेक दशके आधारभूत राहिला. त्यांना स्वतःला पुढे काम करायला मिळाले नाही. १९२८ च्या मे महिन्यात नोबिले यांचे 'इटालिया' हे हवाई जहाज ध्रुवावरून परतताना बर्फावर कोसळले, त्यात माल्मग्रेन होते. जखमी अवस्थेत दोन सोबत्यांसह मदत आणायला ते पायी निघाले. चालवेना तेव्हा त्यांना मागे सोडून इतर दोघे पुढे गेले. ज्या बर्फाचा त्यांनी अभ्यास केला, त्यावरच त्यांचा अंत झाला, वय तेहतीस.

१९३७ साली पापानिन आणि त्यांचे तीन सहकारी ध्रुवाजवळच्या एका तरंगत्या बर्फाच्या फळीवर तंबू ठोकून राहिले. ही सोव्हिएत संघाची पहिली वाहती छावणी. दुसरी १९५० मध्ये निघाली, आणि १९५४ पासून १९९१ पर्यंत अशा छावण्या जवळजवळ अखंड चालू होत्या. तिथली माणसे हवामान, खोली, प्रवाह असे बरेच काही मोजत. त्यांपैकी एक काम फार कंटाळवाणे होते. पाचशे किंवा हजार मीटरची एक रेषा आखायची आणि दर १० मीटरवर काठी खुपसून हिमाची खोली टिपायची. ठरलेल्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्याकडे आपण शेवटी परत येऊ.

त्याच सुमारास, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, अमेरिकेनेही 'अल्फा' नावाची छावणी बर्फावर वसवली. तिचे शास्त्रीय काम नॉर्बर्ट उंटरश्टाइनर यांच्याकडे होते. बर्फाच्या उष्णतेचा जमाखर्च त्यांनी तिथे वर्षभर मांडला. पुढे सिएटलच्या विद्यापीठात गॅरी मेकट या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी तो जमाखर्च संगणकाला शिकवला. १९७१ सालच्या त्यांच्या लेखात प्रथमच हिमाला समीकरणात मानाचे पान मिळाले. वर्षाला ४० सेंटिमीटर हिम धरले तर बर्फाची समतोल जाडी २.८८ मीटर आली, आणि ती त्या काळच्या प्रत्यक्षाशी जुळत होती.

खरी गंमत पुढे आहे. त्यांनी हिमाची जाडी कमीजास्त करून पाहिली. गोधडी जाड केली तर बर्फ पातळ व्हायला हवा, नाही का? तसे फारसे झाले नाही. साधारण ७०-८० सेंटिमीटरपर्यंत हिम वाढवूनही जाडीत मोठा फरक पडेना. आणि त्यापुढे तर बर्फ उलट जाड होऊ लागला! कारण हिमाचे दोन धंदे आहेत. हिवाळ्यात ते गोधडी असते आणि उन्हाळ्यात छत्री. ताजे हिम पडलेल्या उन्हापैकी ८५ टक्के परत फेकते. उघडा बर्फ सुमारे ६० टक्के. मोकळा समुद्र दहा टक्केसुद्धा नाही. वरचे हिम वितळून संपेपर्यंत उन्हाळ्याचा बराच भाग सरतो आणि खालच्या बर्फाला ऊन लागत नाही. हिवाळ्यात जे गमावले ते उन्हाळ्यात भरून निघते. म्हणून 'हिमामुळे बर्फ वाढतो की घटतो?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे पाठ्यपुस्तक दिसले तर जपून वाचावे. केव्हा पडले, किती पडले, कशावर पडले, हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

गोधडीचा भाग वर्गात दाखवता येतो. थर्मोकोलच्या दोन सारख्या डब्यांत पाणी भरून ते शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. बाजू आणि तळ झाकलेले असल्याने पाणी वरूनच गोठू लागते, अगदी तळ्यासारखे. दोन्हींवर पातळ पापुद्रा धरला की एकावर प्लास्टिकच्या पिशवीत भरलेला कापूस पसरावा. काही तासांनी दोन्ही पापुद्रे फोडून पट्टीने जाडी मोजावी. मुलांना आधी अंदाज सांगायला लावले तर बरे. 'कापसाने बर्फ वितळेल' असे म्हणणारी मुले हमखास निघतात, आणि ऊब देणे म्हणजे उष्णता निर्माण करणे नव्हे, ही चर्चा तिथून आपोआप सुरू होते.

आता दक्षिणेकडे. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात हिमवर्षाव भरपूर आणि बर्फ मात्र पातळ. तिथे गोधडीपेक्षा तिचे वजन महत्त्वाचे ठरते. आर्किमिडीजला बोलावू. समुद्राच्या पाण्याची घनता १०२५, बर्फाची ९१५ आणि दबलेल्या हिमाची ३३० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरू. एक मीटर जाडीचा बर्फ पाण्यावर जेमतेम ११ सेंटिमीटर डोके काढतो. त्यावर ३३ सेंटिमीटर हिम साठले की हे डोके पाण्याच्या पातळीला येते. म्हणजे हिम बर्फाच्या एक तृतीयांशाहून जाड झाले की बर्फ बुडतो, भेगांतून आणि त्या जोडलेल्या कप्प्यांतून समुद्राचे पाणी वर चढते, हिमात मुरते आणि गोठते. बर्फाची जाडी आता वरून वाढली! अशा बर्फाला 'हिमबर्फ' म्हणू. दिसायला तो इतर कणीदार बर्फासारखाच असतो, म्हणून ओळखायला प्राणवायूच्या समस्थानिकांची मदत घ्यावी लागते. ध्रुवाजवळ पडणाऱ्या हिमात १८ अणुभाराचा जड प्राणवायू समुद्राच्या पाण्यापेक्षा कमी असतो, आणि ती खूण गोठल्यावरही पुसली जात नाही. १९८० च्या दशकापासून वेडेल समुद्रातून आणलेल्या नमुन्यांत ती सापडत गेली. २०१५ साली 'लान्स' या नॉर्वेच्या जहाजावरील संशोधकांना स्वालबार्डच्या उत्तरेस, म्हणजे आर्क्टिकमध्येही, असा बर्फ आढळला. तिथला बर्फ पातळ झाला आणि हिम मात्र जाडच राहिले, त्याचा हा परिणाम.

साठणाऱ्या हिमाचा दणका आपल्याही मोहिमांना बसलेला आहे. १९८३-८४ मध्ये उभारलेले 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचे पहिले अंटार्क्टिक ठाणे हिमाखाली गाडले गेले आणि १९९० मध्ये ते सोडून द्यावे लागले. अर्थात ते सागरी बर्फावर नव्हते, जमिनीवरून समुद्रात सरकलेल्या हिमनदीच्या जाड फळीवर होते. त्यामुळे आपल्या गोष्टीत त्याची हजेरी एवढीच.

एवढे सगळे कळल्यावर हिमाची उष्णतावाहकता तरी ठाम माहीत असेल, असे वाटते. १९९७-९८ मध्ये कॅनडाचे 'दे ग्रोसेइये' हे बर्फफोडे जहाज मुद्दाम ब्यूफोर्ट समुद्रात वर्षभर गोठवून ठेवले गेले. मॅथ्यू स्टर्म आणि सहकाऱ्यांनी तिथे सुईसारखे उपकरण हिमाच्या थराथरात खुपसून वाहकता मोजली. सरासरी आली ०.१४. मग खालचा बर्फ किती वाढला यावरून उलट गणित केले, तर उत्तर आले ०.३३, दुपटीहून जास्त. मोजमापे दोन्हीकडची चांगली होती. स्टर्म यांनी असे सुचवले की उष्णता सरळ वर जातेच असे नाही. हिम कुठे दहा सेंटिमीटर तर कुठे साठ, बर्फाला कंगोरे आणि उंचवटे. उष्णता आडवी वाहून पातळ हिमाच्या जागा शोधते आणि तिथून निसटते. गोधडी जिथे विरलेली, तिथूनच थंडी आत येते, हे आपल्या आजींना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते. वाऱ्याने हिमात शिरणारी हवा हेही एक कारण असू शकते. हा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही.

आणि तो मिटला नाही म्हणून काय बिघडले? उपग्रहांचे बिघडते. २०१० साली सोडलेला युरोपचा 'क्रायोसॅट-२' रडारने आणि २०१८ चा अमेरिकेचा 'आइससॅट-२' लेसरने बर्फाचे पाण्यावरचे डोके मोजतात, आणि त्यावरून आर्किमिडीजच्या नियमाने पूर्ण जाडी काढली जाते. लेसर हिमाच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो. रडार हिमातून आरपार जाऊन बर्फावरून परततो, असे मानतात. दोन्हींत हिमाची जाडी किती हे बाहेरून सांगावे लागते. तिथे १० सेंटिमीटरची चूक झाली, तर रडारच्या हिशेबात बर्फाच्या जाडीत सुमारे ३० सेंटिमीटरची चूक होते, लेसरच्या हिशेबात ६० हून जास्त. ज्या समुद्रात दीड-दोन मीटरच बर्फ उरला आहे, तिथे ही चूक परवडणारी नाही. त्यात हिमाच्या तळाला खारेपणा चढला असेल, तर रडारच्या लहरी बर्फापर्यंत पोहोचतच नाहीत. २०१९-२० मध्ये 'पोलारस्टेर्न' हे जर्मन जहाज वर्षभर आर्क्टिक बर्फात गोठवले होते, तेव्हा लहरी नेमक्या कुठून परततात हे पाहण्यासाठी बर्फावरच रडार मांडले होते. ते काम करणाऱ्यांत केरळचा एक तरुण संशोधकही होता. २०२० सालीच क्रायोसॅटची कक्षा थोडी हलवली, म्हणजे दोन्ही उपग्रह थोड्याच वेळाच्या अंतराने एकाच जागेवरून जातील आणि त्यांच्या उंचीतील फरकावरून हिमाची जाडी काढता येईल.

तोवर, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही, आकडे येतात कुठून? १९९९ साली सिएटलच्या स्टीफन वॉरेन यांनी आणि त्यांच्या अमेरिकी व रशियन सहकाऱ्यांनी सोव्हिएत छावण्यांच्या १९५४ ते १९९१ पर्यंतच्या वह्या एकत्र करून आर्क्टिकवरील हिमाचा महिनावार नकाशा तयार केला. मे महिन्यात सरासरी ३४ सेंटिमीटर, ऑगस्टमध्ये जवळजवळ काही नाही. उपग्रहांच्या हिशेबात वर्षानुवर्षे हाच नकाशा वापरला गेला. पण तो जुन्या, अनेक हिवाळे पाहिलेल्या बर्फावरचा आहे. आता समुद्र उशिरा गोठतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधले हिम बर्फावर न साठता सरळ पाण्यात पडून विरघळते. २०१४ साली मेलिंडा वेब्स्टर आणि सहकाऱ्यांनी विमानातून घेतलेली मापे जुन्या वह्यांशी ताडून पाहिली, तेव्हा पश्चिम आर्क्टिकमध्ये वसंतातले हिम ३५ वरून २२ सेंटिमीटरवर आलेले दिसले. म्हणून एकाच हिवाळ्यात तयार झालेल्या बर्फासाठी संशोधक वॉरेन यांचा आकडा निम्मा करून घेतात.

निम्मा केला तरी आकडा त्या वह्यांतलाच. ध्रुवीय रात्रीच्या अंधारात, हातात कंदील आणि काठी घेऊन, दर १० मीटरवर थांबून टिपलेला.